जाळ्यासकट उडालेल्या गोष्टी

'एक अनेक और एकता'. १९७४. निर्मिती सरकारी फिल्म्स डिव्हिजन. हिंदी ॲनिमेशनपट, लांबी सातेक मिनिटं. दिग्दर्शन विजया मुळे, चित्रं भीमसैन, शेवटच्या गाण्याचे शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य, संगीत वसंत देसाई, लहान मुलीचा आवाज साधना सरगम. शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं.

बागेत मुलं. एक लहानगा दीदीला विचारतो, एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय. ती सूर्य, चंद्र, तारे दाखवून सांगते. मग एकीची गोष्ट सांगते. दाण्यांच्या मोहानं पाखरं पारध्याच्या जाळ्यात अडकली, सगळ्यांनी मिळून जोर केला, जाळ्यासकट उडाली, दूरच्या उंदीरमित्रांनी जाळं कुरतडलं. गोष्ट संपल्यावर मुलं झाडाचे आंबे काढतात. मग सगळ्यांचं गाणं.

सिनेमा शाबूत आहे. फोनवर हवा तेव्हा लागतो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांपैकी कितीतरी जणांना तो तोंडपाठ आहे, हिंदीत चार वाक्यं धड न बोलणाऱ्यांनासुद्धा. त्याच्याभोवतीच्या वस्तू, माणसं, सवयी मात्र एकेक करून गेल्या, काही जायच्या वाटेवर आहेत. त्यांची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

शटरचा टीव्ही. लाकडी पेटी, सरकती दारं, दारांना कुलूप, वर क्रोशाचा रुमाल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. रंग आले १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं. म्हणजे हा रंगीत सिनेमा कित्येक वर्षं घरोघरी काळापांढराच दिसला. तेव्हा पाहिलेल्यांना तो आज रंगीत आठवतो. रंग नंतर कधीतरी पाहून भरलेले असतात, नाहीतर मनानं. आंब्याचा रंग कोणता हे कळायला टीव्हीची गरज नव्हती.

शेजाऱ्यांचा उंबरा. टीव्ही एकाकडे, बघणारी पंधरा पोरं. चपला बाहेर. पुढे बसणाऱ्यांनी डोकं खाली घ्यायचं.

व्यत्यय. पडद्यावर हा एक शब्द यायचा आणि सगळे त्याच्याकडेही बघत बसायचे. उठून कुणी जात नसे. आता फिरणारं चक्र दिसतं आणि अंगठा लगेच पुढचं काहीतरी उघडतो.

दोन कार्यक्रमांमधली पोकळी. ही नीट सांगायला हवी, कारण या सिनेमाची सगळी कीर्ती तिच्यावर उभी आहे. एखादा कार्यक्रम चार मिनिटं आधी संपायचा, एखादा पाहुणा यायचाच नाही, एखादी टेप लागायची नाही. पुढचा कार्यक्रम तर ठरल्या वेळीच सुरू व्हायचा. मधल्या वेळात काहीतरी दाखवणं भाग असे. जाहिराती आजच्याइतक्या नव्हत्या. मग कपाटातली छोटी फिल्म निघायची. फिल्म्स डिव्हिजनच्या अशा फिल्मा ढिगानं होत्या: साक्षरता, लसीकरण, धान्य साठवण, वजनमापं. त्यातच ही. छापील कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव नसायचं. आज लागेल की महिन्यानं, सांगता यायचं नाही. त्यामुळे आवाज कानावर पडला की पोरं असतील तिथून धावत. ठरवून दाखवलेला 'किलबिल'सारखा मुलांचा कार्यक्रमही मुलं बघतच होती, पण न ठरवता भेटणाऱ्या गोष्टीचं अप्रूप वेगळं. आजच्या वाहिनीवर सेकंदाचा भाव ठरलेला असतो. पोकळी उरत नाही, आणि उरली तर विकली जाते.

एकच वाहिनी. हिच्याबद्दल हळवं होऊन बोलण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एकच वाहिनी होती आणि ती सरकारची होती. काय दाखवायचं, काय नाही, हे ठरवणारेही तेच. तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. लातूरच्या, लखनौच्या आणि गुवाहाटीच्या मुलाला तीच पाखरं आठवतात, यामागे एकीच्या संदेशापेक्षा पर्यायांच्या टंचाईचा हात मोठा आहे. सगळ्यांना एकच आठवण मिळाली, कारण दुसरं काही लावता येत नव्हतं. आज याहून सुंदर ॲनिमेशन रोज बनतं. ते बघणाऱ्या दोन मुलांना एकच गोष्ट ठाऊक असेल याची खात्री उरलेली नाही, एका घरातल्या दोन भावंडांनासुद्धा.

न्यूजरील. टीव्ही येण्याआधी आणि आल्यावरही बराच काळ फिल्म्स डिव्हिजनचं काम थिएटरातून लोकांपर्यंत जायचं. मुख्य सिनेमाआधी सरकारी फिल्म दाखवणं ही थिएटरच्या परवान्याचीच अट होती. उशिरा आलेला माणूस दारातल्या डोअरकीपरला विचारी, 'सुरू झालं का?' उत्तर यायचं, 'अजून न्यूजरील चालू आहे.' म्हणजे काही चुकलं नाही. देशातले मोठमोठे माहितीपटकार आणि ॲनिमेटर लोकांच्या या 'काही चुकलं नाही' वेळात आपलं काम दाखवत होते. खारे दाणे घेऊन परतणाऱ्यांच्या पाठींमागून.

सेल. ॲनिमेशनची चित्रं ज्यावर उतरवायची तो पारदर्शक पत्रा. आधी सेल्युलॉइडचा, तो भडकन पेटतो म्हणून पुढे ॲसिटेटचा. पुढच्या बाजूनं शाईची रेघ, उलटवून मागच्या बाजूनं रंग. म्हणजे ब्रशचे फराटे कॅमेऱ्याला दिसत नाहीत, रंग सपाट आणि एकसारखा भासतो. बोटाचा ठसा उमटू नये म्हणून हातात सुती मोजे. एकावर एक तीन-चार सेल ठेवले की खालच्याचा रंग किंचित मळकट दिसतो, म्हणून खालच्या थरासाठी तोच रंग जरा उजळ कालवायचा. हे प्रमाण हातालाच ठाऊक. धूळ हा मोठा शत्रू. जगभरच्या स्टुडिओंत वापरलेले सेल धुऊन पुन्हा वापरायची रीत होती, कारण पत्रा महाग आणि रेघ स्वस्त. धुतलेल्या पाण्याबरोबर किती पाखरं वाहून गेली असतील त्याचा हिशेब नाही.

तीन भोकांचा कागद. मधलं भोक गोल, बाजूची दोन लांबट. खाली पट्टीवर तशाच तीन खुंट्या, त्यांना म्हणायचं पेगबार. कागद खुंट्यांत अडकवला की प्रत्येक चित्र मागच्यावर बिनचूक बसतं. ही पट्टी केसभर हलली तर पडद्यावर अख्खी बाग हादरते.

लाइटबॉक्स. खालून दिवा, वर दुधी काच. चार कागदांआडची रेघ दिसते. मुंबईच्या मे महिन्यात काम संपेपर्यंत काच हाताला तापलेली लागायची.

बोटांत धरलेले पाच कागद. एकेक बोटाआड एकेक चित्र धरून भराभर मागेपुढे करायचं. पाखराचा पंख नीट पडतो आहे की नाही हे तिथल्या तिथे समजतं. आता ते काम एका बटणाचं आहे. बटण बरं की बोटं, या वादात पडत नाही.

मधली चित्रं काढणारा. याला इनबिटवीनर म्हणत. मुख्य ॲनिमेटर पंख वर असलेलं चित्र काढी आणि पंख खाली असलेलं. मधली चित्रं हा माणूस भरी. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला बारा. सात मिनिटं धरली तर दहा हजार ऐंशी फ्रेम, आणि दोन-दोनच्या हिशेबानंही पाच हजार चाळीस चित्रं. कितीतरी ठिकाणी चित्र स्थिर राहतं, तिथे हात वाचतो. पाखरांचा थवा उडतो तिथे त्याची दुप्पट भरपाई करावी लागते. श्रेयनामावलीत या माणसांची नावं क्वचित येतात. चांगल्या इनबिटवीनरची खूण अशी की त्याचं चित्र वेगळं ओळखू येता कामा नये.

रोस्ट्रम कॅमेरा. खांबावर उभा बांधलेला, भिंग खाली टेबलाकडे. सेल मांडायचे, वरून काच दाबायची, एक फ्रेम घ्यायची, काच उचलायची, सेल बदलायचा. कुठलं चित्र किती फ्रेम ते एका उभ्या तक्त्यावर लिहिलेलं, त्याला डोपशीट म्हणतात. मध्येच कुणी आत डोकावून काही विचारलं आणि कॅमेरामन मोजणी विसरला की आधीचं सगळं पुन्हा.

कार्टून फिल्म युनिट. फिल्म्स डिव्हिजन १९४८ची, तिचं कार्टून युनिट १९५६चं. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेला क्लेअर वीक्स नावाचा अमेरिकन माणूस शिकवायला आला. त्याच्या हाताखाली पहिली मंडळी तयार झाली. ॲनिमेटर राम मोहन त्यांतलेच. जातककथेवरचा 'बनियन डिअर' १९५७चा, त्यातली चित्रं अजिंठ्याच्या वळणाची. पुढच्या वीस वर्षांत या युनिटनं आणि तिथे शिकून बाहेर पडलेल्यांनी जे केलं त्यात विनोद आहे, प्रयोग आहे, वात्रटपणासुद्धा आहे. सरकारी पैशानं, सरकारी कचेरीत, पेडर रोडवर. आज हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

भीमसैन. जन्म १९३६, मुलतान. फाळणीनंतर कुटुंब लखनौला. १९६१मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रं रंगवायला लागले. स्वतंत्र झाल्यावरचा 'द क्लाइंब' १९७०चा. त्याला शिकागोच्या महोत्सवात सिल्व्हर ह्यूगो मिळाला, आणि पुढे त्यांनी आपल्या संस्थेचं नावही तेच ठेवलं. 'एक अनेक'मध्ये त्यांची रेघ पाहा. मुलांचे चेहरे दोन-चार रेघांत. रंग सपाट. मागे झाडं-डोंगरांची गर्दी नाही. डिस्नेसारखा प्रत्येक केस हलवायला पैसा नव्हता, तर जे हलायला हवं तेवढंच हलवलं. पाखरांचा थवा जाळं घेऊन उडतो तेव्हा नजर दुसरीकडे जातच नाही, कारण दुसरीकडे काही ठेवलेलंच नाही. गरिबीतून आलेली ही काटकसर पुढे इथल्या ॲनिमेशनची शैली ठरली. तिची नक्कल करणाऱ्यांनी काटकसर उचलली, नजर उचलली नाही. भीमसैन पुढे 'घरौंदा' (१९७७) काढून गेले: मुंबईत खोली शोधणारं जोडपं, अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू. ते वारले २०१८मध्ये.

पाच वर्षांचा गळा. साधना सरगम म्हणजे साधना घाणेकर, दाभोळच्या. जन्म १९६९. सिनेमा १९७४चा, गणित करा. हा आवाज मोठ्या बाईनं लहान मुलीसारखा काढलेला नाही, म्हणून तो कानाला लाडिक लागत नाही. मुलांच्या सिनेमात खरीखुरी मुलं गातात, ही साधी गोष्टही आपल्याकडे दुर्मीळ झाली. मोठ्यांनी काढलेले चिरके, गोडगोड आवाज ऐकवत नाहीत. मुलांनाही ते आवडत असतील असं मला वाटत नाही, पण त्यांना विचारतं कोण.

समूहगान. तळकोकणातून आलेले वसंत देसाई, प्रभात फिल्म कंपनीत पडेल ते काम करत घडले. 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना त्यांची, 'गुड्डी'मधली त्यांची. दोन्ही देशभरच्या शाळांत सकाळी म्हटल्या गेल्या. १९६६मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांत गायल्या, तेव्हा त्यांनी सादर केलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही देसाईंची. शाळकरी मुलांकडून शेकड्यांनी एका वेळी गाऊन घ्यायचं त्यांना वेड होतं. एकट्यादुकट्याला झेपेल आणि हजारांनाही झेपेल अशी चाल बांधणं हे वेगळंच काम. वरचे सूर फार वर नाहीत, श्वास घ्यायला जागा ठेवलेली, ताना नाहीत. 'एक अनेक'चं शेवटचं गाणं या बेतानं बांधलेलं आहे, त्यामुळे ते बेसूर मुलालाही सोबत घेऊन जातं. २२ डिसेंबर १९७५ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. शाळेतला गाण्याचा तास त्यांच्यानंतर हळूहळू गेला. पेटी कपाटावर गेली, मग कपाटही गेलं. आता स्नेहसंमेलनात मुलं स्पीकरवर लावलेल्या गाण्याबरोबर ओठ हलवतात.

गुरूच्या गुरूचं गाणं. शब्द लिहिणारे विनयचंद्र मौद्गल्य हे दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, १९३९. पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांचे शिष्य; पटवर्धन विष्णु दिगंबर पलुस्करांचे. म्हणजे पलुस्करांच्या कुरुंदवाडहून निघालेला एक धागा लाहोर, पुणे, दिल्ली असा फिरून मुंबईत एका कार्टूनमध्ये उतरला. हे कुणी मुद्दाम घडवलं असेल असं नाही.

अक्का. विजया मुळ्यांना मित्रमंडळी याच नावानं हाक मारत. जन्म मुंबईचा, १९२१. लग्नानंतर पाटणा. पुढे इंग्लंडला लीड्स विद्यापीठ, तिथे सिनेमाचा नाद पक्का झाला. परतून पाटण्यात आणि नंतर दिल्लीत फिल्म सोसायटी. १९५९मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, सत्यजित राय अध्यक्ष आणि या संयुक्त सचिव. नोकरी सरकारच्या शिक्षण खात्यात. १९७५-७६मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहातून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला, त्यासाठी मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या केंद्राच्या त्या प्रमुख. अभिनेत्री सुहासिनी मुळे त्यांची मुलगी. जवळपास नव्वदीत असताना त्यांनी परदेशी सिनेमातल्या भारताच्या प्रतिमांवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला. २०१९च्या मे महिन्यात, अठ्ठ्याण्णव पुऱ्या करून गेल्या, आणि बातम्यांमध्ये त्यांची ओळख या सात मिनिटांवरूनच दिली गेली. बाकीचं आयुष्य दुसऱ्या परिच्छेदात. शिक्षण खात्यातला अधिकारी स्वतः सिनेमा जाणतो, स्वतः सिनेमा करतो, आणि तो सिनेमा परिपत्रकासारखा होत नाही, असा अधिकारी या यादीत ठळक अक्षरात घालायला हवा.

फिल्म सोसायटीची पेटी. सोळा एमएमची रिळं, पत्र्याचे गोल डबे, रेल्वेच्या पार्सलनं या गावाहून त्या गावाला. डबा वेळेवर पोचला नाही तर सभासदांना चहा पाजून परत पाठवायचं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ अजून आहे, पुण्यात 'आशय' आहे. डबे नाहीत.

कबुतरं. मूळ गोष्ट पंचतंत्रात आहे, हितोपदेशातही आहे. तिथे कपोतांचा राजा चित्रग्रीव, त्याचा मित्र हिरण्यक उंदीर. हिरण्यक जाळं कुरतडायला लागतो तेव्हा राजा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे पाश तोड, माझे शेवटी. मूळ गोष्टीचा गाभा हा आहे. १९७४च्या सिनेमात कबुतरांची छोटी पाखरं झाली आणि हा भाग राहिला नाही. लहान मुलांसाठी गोष्ट सोपी करताना सोडावं लागतं हे खरं. पण एकी शिकवताना पुढाऱ्याचं कर्तव्य गाळलं, याची नोंद राहू द्यावी.

तेच वर्ष. ८ ते २७ मे १९७४, रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप. सुमारे सतरा लाख कामगारांचा मोठा भाग एकत्र उतरला, सरकारनं हजारोंना तुरुंगात घातलं. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आणीबाणी. जाळ्यात सापडलेल्यांनी एकत्र जोर केला तर सुटका होते, असं त्याच सरकारचं एक खातं मुलांना शिकवत होतं. सिनेमावाल्यांना यात दोष नाही. पण पाखरांची एकी सरकारला आवडते आणि माणसांची खटकते, हे त्या मुलांपैकी काहींना पुढे मोठेपणी कळलं असेल.

चिमणी. सिनेमातली पाखरं मराठी घरांत चिमण्याच झाल्या, कारण दारात त्याच होत्या. आढ्यात, तसबिरीमागे, मीटरच्या पेटीत घरटं. अंगणात धान्य पाखडलं की उतरायच्या. कौलं गेली, पाखडणं गेलं, शहरांतून त्या बऱ्याच कमी झाल्या. आता २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. त्याची सुरुवात २०१०ला झाली, नाशिककरांच्या पुढाकारानं. दिल्लीनं २०१२मध्ये चिमणीला राज्यपक्षी केलं. ज्याचा दिवस साजरा करावा लागतो त्याचं काय चाललंय हे वेगळं सांगायला नको.

पारधी. या सात मिनिटांत ज्याची बाजू कुणी घेत नाही तो हाच. गोष्टीतलं मोठं माणूसही तोच एक. आपल्याकडे फासेपारध्यांचा पिढीजात उद्योग तितर, लावे, ससे धरण्याचा. ती फास विणण्याची, पाखराचा आवाज काढून पाखराला बोलावण्याची विद्या दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याची वाट धरून अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पोलिसांच्या मनातून पुसला गेला नाही. १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. पण जाळं काढून घेतल्यावर हातात काय द्यायचं याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. सिनेमात पारधी पळणाऱ्या पाखरांमागे धावत राहतो आणि दृश्यातून बाहेर जातो. पुढे त्याचं काय झालं, यावर कुणी सात मिनिटंही खर्च केली नाहीत.

दीदी. सात-आठ भावंडं-शेजारची पोरं सांभाळणारी, स्वतःही पोरच असलेली मुलगी. सिनेमात ना आई, ना बाप, ना बाई, ना सर. प्रश्नाला उत्तर देते ती थोडीशीच मोठी मुलगी, म्हणून उत्तर प्रवचन होत नाही. आता बागेत मुलांमागे एक मोठं माणूस उभं असतं आणि त्याच्या हातात फोन.

मालक नसलेला आंबा. सिनेमातलं झाड कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. हात पुरत नाहीत एवढीच अडचण. म्हणून मुलं युक्ती लढवतात, एकमेकांच्या आधारानं वर चढतात आणि आंबे काढतात. माझ्या मते साऱ्या सिनेमाचं मर्म या आंब्यात आहे, समूहगानात नाही. एकी चांगली असते म्हणून एकत्र या, असं इथे कुणी म्हणत नाही. आंबे हवेत, एकट्याला मिळत नाहीत, मग चला. पन्नास वर्षांत या सिनेमाचे जे वारस झाले, राष्ट्रीय एकात्मतेच्या जाहिराती, १९८८च्या 'मिले सुर'पासूनची तारांकित गाणी, निवडणुकीच्या काळातले व्हिडिओ, त्यांनी वेशभूषा घेतल्या, झेंडे घेतले, समूह घेतला. आंबा घेतला नाही. त्यामुळे ते डोळ्यांना गोड लागतात आणि हाती काही पडत नाही. याच सिनेमाची विडंबनं कधी कधी मूळ गोष्टीच्या जास्त जवळ जातात. त्यांत निदान कुणाला तरी काहीतरी हवं असतं.

पेडर रोडवरची पाटी. फिल्म्स डिव्हिजन ही स्वतंत्र संस्था आता नाही. बाल चित्र समिती, पुण्याचं चित्रपट संग्रहालय यांच्यासह ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन केली, निर्णय २०२०चा, अंमल २०२२पासून. त्याच आवारात गुलशन महालात २०१९पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. बघण्यासारखं आहे, मुलांना न्या.

व्हिनेगरचा वास. ॲसिटेटवरची फिल्म असो की सेल, उष्ण-दमट हवेत राहिला की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटू लागतं. डबा उघडला की आंबट वास येतो. पत्रा आक्रसतो, वाकतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही, थंड कोरड्या जागी ठेवून फार तर वेग कमी करता येतो. सात मिनिटांचा सिनेमा म्हणजे पस्तीस एमएमची साधारण सहाशे तीस फूट पट्टी. ती डिजिटल करून वाचवता येते. त्यामागची हजारो चित्रं, पट्ट्या, तक्ते, रंगाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या यांची कुणी प्रत काढत नाही.

आगकाड्या. असं सगळं नाहीसं होणं पूर्वीही झालेलं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली, भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून. १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या एकेक सरकवत नाचवल्या. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास तिथून सुरू होतो असं सगळे लिहितात. त्याची एक फूटही फिल्म उरलेली नाही. असं काही होतं एवढंच आपल्याला माहीत.

म्हणून वाचकांना विनंती. मुंबई-पुण्यात, डोंबिवलीत, कोकणात, कुठेही तुमच्या घरातलं कुणी फिल्म्स डिव्हिजनमध्ये, कार्टून युनिटमध्ये, जाहिरातींच्या ॲनिमेशन स्टुडिओत, थिएटरच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये किंवा फिल्म सोसायटीत काम करून निवृत्त झालं असेल, तर माळा उतरवताना घाई करू नका. तीन भोकांचे कागद, उलट बाजूनं रंगवलेले पत्रे, उभे आखलेले तक्ते, पत्र्याचे गोल डबे दिसले तर रद्दीत घालू नका. लॅमिनेट करू नका, रबरबँड लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. चित्रांमध्ये कोरा कागद घालून सपाट ठेवा आणि ज्यानं ती काढली त्याचं नाव, निदान आठवणारं वर्ष, मागे पेन्सिलीनं लिहा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. त्यांच्याकडे विचारणा करा.